साधनेला वेळ नसलेल्यांसाठीही काहीतरी छापा

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात गेल्या काही महिन्यांपासून अध्यात्मावर, ध्यानावर, रोजच्या साधनेवर बरंच छापून येतंय, ही चांगलीच गोष्ट आहे आणि मी ते सगळं वाचते, काही कात्रणंही काढून ठेवलीत. पण एक गोष्ट सारखी खटकते म्हणून लिहायला बसले. बहुतेक लेखांची सुरुवात एकच असते, की पहाटे चारला उठा, शांत खोलीत तासभर बसा, कुणी डिस्टर्ब करणार नाही अशी वेळ निवडा. आता ज्याची नाइट शिफ्ट सकाळी सातला सुटते त्याची पहाट नेमकी कोणती? तान्हं बाळ असलेल्या बाईने दार लावून बसायचं ते कुणाच्या भरवशावर? आणि ज्या घरात एखादं माणूस अंथरुणाला खिळून आहे तिथे डिस्टर्ब न होणारी वेळ असा प्रकारच नसतो, हे मी अनुभवाने सांगतेय. असे लोक ते लेख वाचतात, चार दिवस जिद्दीने करून बघतात, मग जमत नाही म्हणून सोडतात आणि वर मनात घेतात की आपल्या नशिबात अध्यात्म नाही. मला हेच फार लागतं. कारण ज्यांच्या डोक्यावर सगळ्यात जास्त ओझं आहे त्यांनाच आधाराची सगळ्यात जास्त गरज असते आणि नेमके तेच लोक बाहेर राहतात.

माझं म्हणणं एकच आहे. साधनेचं छोटं रूप हे कमअस्सल रूप नाही. पाच मिनिटं म्हणजे तासाभराची काटछाट केलेली आवृत्ती, खरी साधना ती तासाभराचीच, असं जे आपल्या सगळ्यांच्या मनात बसलंय ते काढून टाकायला पाहिजे आणि पेपरांनी त्याला हातभार लावला पाहिजे. हे मी माझ्या पदरचं सांगत नाहीये. जुन्या जाणत्यांनी हे आधीच सांगून ठेवलंय, आपण तेवढाच भाग वगळून वाचतो.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 40 वा श्लोक बघा. तिथे स्वच्छ म्हटलंय की या वाटेवर केलेली सुरुवात वाया जात नाही आणि यातलं थोडंसुद्धा मोठ्या भयातून सोडवतं. आणि हे ऐकणारा माणूस कुठे आहे, तर रणांगणावर, दोन सैन्यांच्या मधे, समोर सगळे आपलेच लोक उभे आहेत आणि हातपाय गळालेत. म्हणजे ज्याचं डोकं ठिकाणावर नाही अशा माणसाला, सगळ्यात वाईट वेळेला हे सांगितलंय. सहाव्या अध्यायात एकांत, स्वच्छ जागा, स्थिर आसन हे सगळं येतं, ते मी नाकारत नाही, पण त्याच अध्यायात असंही आहे की जो फार झोपतो त्याला योग साधत नाही आणि जो सतत जागत राहतो त्यालाही साधत नाही. रात्रभर पेशंटच्या उशाशी बसलेल्या माणसाने पहाटे चारला उठायचं की दोन तास झोपायचं याचं उत्तर मला तरी या श्लोकात मिळतं. त्याने झोपावं. आणि उठल्यावर जे काय करायचं ते पाच मिनिटं करावं.

पतंजलींच्या योगसूत्रात पहिल्या पादातलं, म्हणजे पहिल्या भागातलं, 14 वं सूत्र अभ्यास, म्हणजे रोजचा सराव, पक्का कसा होतो हे सांगतं. तीनच गोष्टी आहेत तिथे, दीर्घकाळ करा, खंड पडू देऊ नका आणि आदराने करा. दिवसातून किती वेळ बसायचं हे त्यात कुठेच नाही! दीर्घकाळ म्हणजे वर्षानुवर्षं चालू ठेवा असं आहे, आपण मात्र एका बैठकीत किती वेळ यावर अडून बसलोय. आणि ती तिसरी अट, आदराची, तिच्याबद्दल तर कुणी फारसं बोलतच नाही. एक डोळा घड्याळावर ठेवून पाऊण तास उरकला आणि दुसऱ्याने मन लावून तीन मिनिटं केलं, तर या सूत्राच्या हिशेबाने कुणाचा अभ्यास मुरेल ते वाचकांनीच ठरवावं.

बाकीच्या धर्मांत डोकावलं तरी हेच दिसतं आणि मला ते वाचून फार धीर आला होता. इस्लाममध्ये एक प्रसिद्ध हदीस, म्हणजे प्रेषित मुहम्मदांचं वचन, आहे, देवाला सगळ्यात प्रिय कर्म ते जे सातत्याने केलं जातं, मग ते थोडं का असेना. दिवसातल्या पाच नमाजांच्या वेळा ठरलेल्या आहेत पण प्रवासात असलेल्याला नमाज छोटी करायची मुभा आहे, आजारी माणसाला उभं राहता येत नसेल तर त्याने बसून करावी, बसताही येत नसेल तर पडल्यापडल्या करावी. यातली गंमत लक्षात घ्या, वेळ सुटत नाही, फक्त रूप बदलतं. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठातल्या साधूंसाठी नियमावली लिहिली, ती आजही अनेक मठांत चालते. दिवसभराच्या प्रार्थनेच्या वेळा तिथे पक्क्या आहेत, पण त्यातच असंही आहे की प्रार्थना थोडकी आणि शुद्ध असावी, आणि आजाऱ्यांची काळजी सगळ्याच्या आधी घ्यावी, जणू साक्षात ख्रिस्ताचीच सेवा करतोय अशा भावनेने. म्हणजे ज्यांनी आयुष्यच साधनेला वाहिलंय त्यांनासुद्धा हे सांगावं लागलं की आजारी माणूस आधी.

आपल्याकडे तर हे सांगायचीही गरज पडू नये. जनाबाईंचं नाव घेतलं की जातं आठवतं, सावता माळी म्हटलं की मळा, गोरोबा म्हटलं की चिखल तुडवणं. सेना महाराज न्हाव्याचं काम करायचे. यातल्या कुणीही काम सुटल्यावर मग साधना असं केलं नाही, कामाचं आणि नामाचं वेगळं शेड्यूलच नव्हतं. आपण त्यांचे अभंग म्हणतो, गातो, डोळ्यांत पाणी येतं, आणि घरी येऊन म्हणतो की मला वेळ मिळत नाही म्हणून माझं काही होत नाही.

आता एक प्रश्न हमखास विचारला जातो, सवय लागायला किती दिवस लागतात. 21 दिवस हा आकडा सगळीकडे फिरतो, आपल्या पेपरातही तो एकदा वाचला होता. त्याचा उगम साधारण असा सांगतात की मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी 1960 साली लिहिलं की पेशंटना आपला बदललेला चेहरा अंगवळणी पडायला कमीत कमी 21 दिवस तरी लागतात. त्यातलं कमीत कमी गळून गेलं, चेहराही गळून गेला आणि कुठलीही सवय 21 दिवसांत लागते असं होऊन बसलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 लोकांवर बारा आठवडे अभ्यास केला, त्यात प्रत्येकाने रोज एक छोटी गोष्ट ठराविक प्रसंगाला जोडून करायची होती. ती गोष्ट आपोआप व्हायला लागायला मधला आकडा आला 66 दिवसांचा, पण माणसामाणसात फरक केवढा, तर कुणाला 18 दिवस आणि कुणाला, त्यांच्या हिशेबाने, 254 दिवस. म्हणजे 22 व्या दिवशी ज्याला अजून जोर लावून बसावं लागतंय त्याने आपल्यातच खोट आहे असं समजायचं काही कारण नाही. आणि त्याच अभ्यासात हेही दिसलं की मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. दुसऱ्या दिवशी परत सुरू केलं की झालं. ही एवढी ओळ जरी मोठ्या अक्षरात छापलीत ना, तरी कितीतरी लोकांचं सुटलेलं परत सुरू होईल.

मग व्यस्त माणसाने करायचं कसं? माझ्या मते वेळ शोधत बसायचंच नाही, कारण वेळ सापडत नाही. जी गोष्ट आपण रोज न चुकता करतोच, ज्याच्याशिवाय दिवस पुढे सरकत नाही, तिला साधना बांधून टाकायची. उठल्यावर पाय जमिनीला लागतात त्या क्षणी, पहिला घोट पाणी पिण्याआधी, गाडीची चावी फिरवण्याआधी, ऑफिसचा कॉम्प्युटर सुरू होतोय तेवढ्यात, दाराला कुलूप लावून झाल्यावर. सकाळी नऊ वाजता असं ठरवलं की नऊला काहीतरी निघतंच, पण चावी फिरवण्याआधी असं ठरवलं तर चावी तर फिरवायचीच असते. पीटर गॉलविट्झर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत त्यांनी यावर बरंच काम केलंय, नुसतं मी हे करणार असं म्हणण्यापेक्षा अमुक झालं की मी तमुक करणार असं आधीच ठरवून ठेवलं तर ते हातून होण्याची शक्यता वाढते. शिफ्टवाल्यांना तर हे फारच कामाचं आहे, शिफ्ट बदलली तरी पाय जमिनीला लागतातच, मग ते सकाळी सहाला लागोत नाहीतर दुपारी दोनला.

आमच्या घरचं सांगते. माझ्या सासूबाई बरेच दिवस अंथरुणावर आहेत. दिवसा मी नोकरीवर असते तेव्हा मदतीला बाई येतात, बाकीचा वेळ आम्ही घरातले. अशा पेशंटची साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाला, टाचेला, खुब्याला बेडसोअर होतात आणि एकदा झालेली जखम भरायला महिनोन्‌महिने जातात. कूस बदलायची म्हणजे आधी मागची उशी काढायची, पलीकडचा गुडघा वाकवायचा, एक हात खांद्यामागे आणि एक खुब्यामागे घालून हळूच आपल्याकडे वळवायचं, पाठीला उशी लावायची, दोन गुडघ्यांच्या मधे एक छोटी उशी, मग चादरीची सुरकुती ओढून काढायची, कारण सुरकुतीनेही कातडीला त्रास होतो, आणि शेवटी लघवीची नळी कुठे दबली नाही ना ते बघायचं. हे सगळं रात्रीसुद्धा. माझी साधना मी याला बांधलीय. पलंगाशी आले की आधी एक श्वास पूर्ण सोडते, मग म्हणते आई, आता वळवते हं तुम्हाला, आणि मगच हात लावते, आणि चादर सरळ होईपर्यंत मनातल्या मनात नाम चालू. बस एवढंच. त्याला मोजून चारपाच मिनिटं लागत असतील. पण एक गोष्ट मी नीट बघितलीय, घाईत हात लावला की आईंचं अंग एकदम ताठ होतं, मूठ आवळली जाते, वळवायला दुप्पट जोर लागतो आणि त्यांनाही दुखतं. श्वास सोडून हात लावला की अंग सैल असतं. त्यांना आता फारसं बोलता येत नाही पण हात कसा आलाय हे त्यांच्या अंगाला कळतं. मला यापेक्षा वेगळं प्रमाण नको वाटतं.

कुणी म्हणेल ही सेवा झाली, साधना नव्हे. मला तसं वाटत नाही. तेच काम मन दुसरीकडे ठेवून होतं, चिडून होतं, मनात कुणाशी तरी भांडत भांडतही होतं, आणि तेच काम तिथे हजर राहून होतं. फरक कामात नाहीये, काम तेच आहे. तेराव्या शतकात जपानमध्ये डोगेन नावाचे झेन, म्हणजे ध्यानावर भर देणाऱ्या बौद्ध पंथाचे, गुरू होऊन गेले, त्यांनी 1237 साली मठाच्या मुख्य स्वयंपाक्यासाठी एक अख्खा लेख लिहिला, तांदूळ कसा धुवायचा, भांडी कुठे ठेवायची इथपर्यंत, आणि त्यांचा सूर असा की हे ध्यानापेक्षा खालचं काम नाही. ते तरुणपणी चीनला गेले होते तेव्हा एका म्हाताऱ्या स्वयंपाक्याने त्यांना हे शिकवलं अशी आठवण त्यांनी स्वतः लिहिलीय.

तरीही मी असं म्हणणार नाही की काम हीच पूजा म्हणून बसायची गरजच नाही. ते वाक्य लोक फार सहज फेकतात आणि बहुतेक वेळा त्याच्यामागे ना पूजा असते ना धड काम. दिवसातून थोडा वेळ तरी काहीही न करता बसणं लागतंच, कारण मन कुठे कुठे जातं हे कळायला आधी कधीतरी ते बघावं लागतं, आणि कामाच्या धबडग्यात ते दिसत नाही. म्हणून मी दिवसातून एकदा दहा मिनिटं बसते. आई झोपलेल्या असतात त्यांच्याच खोलीत, खुर्चीवर, कारण जमिनीवर बसले तर हाक आल्यावर उठायला वेळ लागतो. या दहा मिनिटांत काय होतं ते कुणी खरं लिहीत नाही म्हणून लिहिते. पहिलं मिनिटभर बरं जातं. मग नाकावर खाज येते. मग आठवतं की उद्या औषधं संपतायत, तिथून मेडिकलवाला, तिथून त्याने मागे दिलेले चुकीचे सुटे पैसे, तिथून चार वर्षांपूर्वी कुणी तरी लग्नात काय बोललं होतं ते. मधेच लक्षात येतं, अरे आपण श्वास बघत होतो. परत यायचं. परत तेच. दहा मिनिटांत सलग असं शांत किती वेळ असतं म्हणाल तर फारच थोडं, आणि हे असंच असतं, यात काही बिघडलेलं नाही! गीतेच्या सहाव्या अध्यायातच सांगितलंय की हे चंचल मन जिथे जिथे पळेल तिथून तिथून परत आणावं, म्हणजे ते पळणार हे गृहीतच धरलंय. परत आणणं हाच व्यायाम आहे. ज्याला वाटतं की ध्यान म्हणजे विचार बंद होणं, तो दोन आठवड्यांत सोडून देतो आणि मग लोकांना सांगत फिरतो की ते माझ्यासाठी नाही.

नुसता श्वास बघणं ज्यांना जमत नाही त्यांनी नाम किंवा मंत्र घ्यावा, त्यात धरायला काहीतरी असतं. इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2001 साली आला होता, 23 निरोगी माणसांना त्यांनी कॅथलिक ख्रिश्चनांची माळेची प्रार्थना लॅटिनमधून म्हणायला लावली आणि ओम मणि पद्मे हुम हा बौद्ध मंत्र म्हणायला लावला, तर दोन्हीत श्वास आपोआप मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारली. दोन वेगळे खंड, दोन वेगळे धर्म, आणि शरीरावर परिणाम एकच. लहान अभ्यास आहे, त्यावरून फार मोठे दावे करू नयेत, पण संथपणे, शेवटचा शब्द पूर्ण होईपर्यंत म्हणायला हवं हे मात्र त्यावरून नक्की कळतं. भराभर आकडा गाठायला केलेल्या जपाचं ते होणार नाही.

आता जरा अवघड मुद्दा, आणि हा छापावाच अशी विनंती. घरात साधनेला वेळ कुणाला मिळतो? बऱ्याच घरांत एकाची तासाभराची शांत बैठक ही दुसऱ्याच्या जिवावर होत असते. एक जण डोळे मिटून बसलाय म्हणून दुसरीने मुलांना गप्प करायचं, बेल वाजली की धावत जायचं, फोन उचलायचे, म्हातारं माणूस बघायचं, आणि तिला विचारा तू कधी बसतेस, तर ती हसते. रोमन विचारवंत सेनेका यांनी लिहून ठेवलंय की रात्री दिवा नेला की त्यांची बायको त्यांची सवय माहीत असल्यामुळे गप्प राहायची आणि मग ते दिवसभरात आपण काय केलं, कुठे चुकलो याचा हिशेब स्वतःशी मांडायचे. सुंदर सवय आहे, झोपण्याआधी कुणीही करावी अशी, पण मी ते वाचलं तेव्हा माझ्या मनात आलं की त्या बाईंना त्यांच्या दिवसाचा हिशेब मांडायला कुणी शांतता दिली असेल का. माझा आग्रह आहे की घरात एकाने साधना सुरू केली तर त्याच आठवड्यात त्याने घरातल्या दुसऱ्या माणसालाही तेवढाच वेळ काढून द्यावा, त्या वेळात मुलं, म्हातारी माणसं, बेल, फोन सगळं स्वतः सांभाळावं, आणि ते उपकार म्हणून करू नये. आमच्याकडे माझे मिस्टर माझ्या त्या दहा मिनिटांत आईंची हाक आली तर उठतात, हे आम्ही बोलून ठरवलंय. न बोलता असं काही होत नसतं, बोलावं लागतं.

आणि याच्याच पोटात दुसरी गोष्ट. साधना लागू पडतेय की नाही हे कशावरून ओळखायचं? डोळ्यांसमोर प्रकाश दिसला, अंगावर शहारा आला, यावरून नाही. जो आसनावरून उठल्या उठल्या घरच्यांवर खेकसतो त्याचं अजून बरंच काम बाकी आहे, मग तो दोन तास बसत असला तरी. राग यायचा तेव्हा येतोच, मलाही येतो, पण राग येणं आणि तोंडातून शब्द जाणं यांच्यामधे जर आधी नव्हती अशी थोडी फट पडायला लागली, फोनवर समोरचा बोलत असताना आपण पुढचं उत्तर तयार न करता ऐकायला लागलो, तर काहीतरी होतंय. हे आपल्याला स्वतःला उशिरा कळतं, घरच्यांना आधी कळतं. त्यांना विचारावं.

अ‍ॅपबद्दल थोडंसं. सुरुवातीला बेल वाजवायला, बसायची आठवण करायला अ‍ॅप चांगलं. पण त्यात रोजची साखळी मोजतात ना, ते मला धोक्याचं वाटतं. साखळी तुटली की इतका मोठा आकडा शून्य होतो आणि माणूस हिरमुसून सगळंच सोडतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं अगदी हेच झालं, घरी दुखवटा होता म्हणून दोन दिवस चुकले आणि ती परत बसलीच नाही. खंड पडू देऊ नका याचा अर्थ सोडून देऊ नका असा आहे, अगदी वाईट दिवशी तीन श्वास घेतले तरी धागा चालू आहे असंच धरावं.

अजून एक, हे लेख लिहिणाऱ्यांनी कृपया नेहमी लिहावं. ध्यान हा औषधाला पर्याय नाही. झोप उडालीय, कशातच मन लागत नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही असं आठवडेच्या आठवडे चालू असेल तर आधी डॉक्टरांकडे जावं, साधना त्याच्या जोडीला करावी. काही लोकांना डोळे मिटून लांब बसल्यावर उलट भीती वाढते, जुन्या वाईट आठवणी अंगावर येतात, हे होतं आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, चालता चालता पावलांवर लक्ष ठेवावं, वेळ कमी करावा, आणि तरीही त्रास होत असेल तर थांबून जाणकार माणसाशी बोलावं. जबरदस्तीने बसायला लावणाऱ्याचं ऐकू नये, तो कितीही मोठा असला तरी.

संपादक महाशय, माझी विनंती एवढीच की आपल्या पुरवणीत अध्यात्माचं जे सदर येतं त्यात महिन्यातून एकदा तरी अशा लोकांना लिहायला सांगा ज्यांच्याकडे वेळ नाही. रात्रपाळीची नर्स, ट्रकचा ड्रायव्हर, जुळ्या मुलांची आई, डायलिसिसला आठवड्यातून तीनदा चार चार तास जाऊन बसणारे पेशंट, आणि हो, अंथरुणाला खिळलेली माणसं स्वतः, कारण आपण त्यांच्या सेवेबद्दल लिहितो पण त्यांची साधना काय असते हे कुणी विचारत नाही. ते कधी करतात, कशाला जोडून करतात, कुठे अडतात, घरच्यांनी कशी मदत केली, एवढंच लिहायला सांगा, मोठी मोठी तत्त्वं नकोत. नावं छापू नका हवं तर. मी स्वतः अशा चार जणींना तरी लिहायला बसवू शकते, त्यांना सवड मिळेल तसं त्या लिहितील, फक्त पत्र उशिरा आलं म्हणून बाजूला टाकू नका.

आपली,
एक नियमित वाचक